तालुक्याची वेबसाइट कशी उभी करावी? मारेगाव परिसरातील तरुण कार्यकर्त्यांसाठी माहिती

मारेगाव, वणी, झरी जामणी या भागात समाजाचे दोन-चार व्हॉट्सॲप ग्रुप फोनमध्ये नाहीत असा तरुण आज शोधूनही सापडणार नाही. जयंतीच्या वर्गणीचा हिशोब, शिष्यवृत्तीची मुदत, विहारातील व्याख्यानाचे निमंत्रण, कोणाच्या निधनाची बातमी, सगळे त्यातच येते. दोन दिवसांत ते सुप्रभातच्या फुलांखाली गाडले जाते. पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि उत्तर पुन्हा कोणालाच सापडत नाही.

म्हणून बरेच तरुण आम्हाला विचारतात की, आपल्या तालुक्याची, आपल्या समाजाची एक वेबसाइट काढायची आहे, सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. संगणकाचे शिक्षण झालेले असण्याची गरज नाही. चिकाटी आणि चार-पाच विश्वासाची माणसे मात्र हवीत.

ग्रुप असताना वेबसाइट कशाला?

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जास्तीत जास्त १०२४ माणसे बसतात. नव्याने आलेल्या सभासदाला आधीच्या महिन्यांचे काही दिसत नाही. फोन बदलला की जुना साठा जाऊ शकतो. गुगलवर शोधणाऱ्या माणसाला ग्रुपमधली माहिती कधीच सापडत नाही. फेसबुकचे पानही आपले नसते. त्या कंपनीने नियम बदलले किंवा कोणी खोट्या तक्रारी केल्या, तर पान एका रात्रीत बंद होऊ शकते.

वेबसाइटवर लिहिलेले तारखेसह जागेवर राहते. त्याला कायमचा पत्ता असतो. पुण्यात शिकणारी मुलगी आणि मार्डीत राहणारे तिचे वडील एकाच वेळी तेच पान वाचू शकतात. म्हणून ग्रुप बंद करायचे नाहीत. निरोप ग्रुपवर द्यायचा आणि माहिती वेबसाइटवर ठेवायची, एवढी विभागणी केली तरी निम्मे काम झाले.

आधीच्या पिढ्यांकडून काय घ्यायचे?

स्वतःचे माध्यम उभे करणे आपल्या समाजाला नवीन नाही. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' काढले. विदर्भात किसन फागूजी बनसोडे यांनी 'मजूर पत्रिका' आणि 'चोखामेळा' यांसारखी पत्रे चालवली. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. पुढे ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' आले. त्याचा बहुतेक मजकूर बाबासाहेब एकटे लिहीत. पैशांची ओढाताण होती आणि ती त्यांनी वाचकांपासून लपवली नाही. नोव्हेंबर १९२९ मध्ये ते पत्र थांबले.

त्यानंतर २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघालेले 'जनता' मात्र पंचवीस वर्षे चालले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. देवराव नाईक, भा. र. कद्रेकर, गं. नी. सहस्रबुद्धे अशा वेगवेगळ्या माणसांनी त्याचे संपादन सांभाळले. नव्याने वेबसाइट काढणाऱ्याने यातून एक गोष्ट घ्यावी. बाबासाहेबांसारख्या माणसालाही एकट्याने पत्र ओढणे जड गेले. टिकले ते हातोहाती चाललेले पत्र. समाजाच्या वेबसाइट बंद पडतात त्या बहुधा तंत्राच्या अडचणीने नव्हे. सगळे एका मुलाच्या हातात असते, त्याला नोकरी लागते, तो गाव सोडतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो.

आधी विषय ठरवा

देशभरातील बातम्या देण्याचा मोह टाळा. ते काम करणारी मोठी ठिकाणे आहेत. अशोक दास यांचे 'दलित दस्तक', मीना कोतवाल यांनी २०२१ मध्ये सुरू केलेले 'द मूकनायक', इंग्रजीतील 'राउंड टेबल इंडिया' ही त्यातली काही नावे. त्यांचेच साहित्य उचलून टाकणारी आणखी एक वेबसाइट कोणी वाचणार नाही. पण कुंभा, बोटोणी किंवा मार्डीच्या विहारात रविवारी वंदना किती वाजता असते, हे यांपैकी कोणीही सांगणार नाही. ते तुम्हीच सांगू शकता.

सुरुवातीला पुढील चार कामे पुरेशी आहेत.

पहिले काम विहारांची यादी. गाव, विहाराचे नाव, वंदनेची वेळ, वाचनालय आहे का, अभ्यासिका आहे का, वर्षावासात ग्रंथवाचन होते का, आणि समितीची परवानगी असेल तरच संपर्काचा एक क्रमांक.

दुसरे काम विद्यार्थ्यांची माहिती. महाडीबीटीवरून मिळणारी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, परदेशी शिक्षणासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, पुण्याच्या बार्टी संस्थेचे स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण. प्रत्येकासाठी एक पान करा. कोणाला मिळते, कोणती कागदपत्रे लागतात, मुदत कधी संपते आणि पान शेवटचे कधी तपासले, हे वर लिहा. शासनाचा मूळ आदेश किंवा संकेतस्थळ जोडल्याशिवाय असे पान प्रसिद्ध करू नका. चुकीच्या तारखेमुळे एखाद्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

तिसरे काम दाखल्यांची माहिती. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींतील लोकांनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या. तरीही 'बौद्ध लिहिले तर सवलत जाते' हा गैरसमज गावोगाव आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी, शाळेच्या दाखल्यावरील नोंद यांविषयी तहसील कार्यालयात स्वतः विचारून, नमुना अर्ज पाहून, सोप्या मराठीत लिहिलेले एक पान शंभर भाषणांपेक्षा उपयोगी पडते.

चौथे काम इतिहासाचे, आणि ते सर्वांत घाईचे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. आपल्या भागाला चंद्रपूर नागपूरपेक्षा जवळ. त्या दिवशी वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. आपल्या गावातून कोण गेले, कशाने गेले, परत आल्यावर घरात काय बदलले, गावाने कसे वागवले, पहिले विहार कोणाच्या जागेवर उभे राहिले, हे सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. फोनवर आवाज नोंदवा. नाव, वय, गाव, तारीख आणि प्रसिद्धीची संमतीही त्याच नोंदीत घ्या. मग त्यांच्याच बोलीत ते लिहून काढा. वऱ्हाडी शब्द पुस्तकी करू नका. आजीने 'गेल्तो' म्हटले असेल तर 'गेलो होतो' असे दुरुस्त करायची गरज नाही.

नाव, पत्ता आणि मालकी

वेबसाइटचे नाव फोनवरून एकदा सांगितले की समोरच्याला लिहिता आले पाहिजे. 'मारेगाव' रोमन अक्षरांत लिहिताना कोणी शेवटी 'ओ-एन' लिहितो, कोणी 'व्ही'. सरकारी कागदांवर जे स्पेलिंग आहे तेच घ्या. देवनागरीतील '.भारत' हा पत्ताही २०१४ पासून मिळतो. तो जोडीला घेता येईल, पण मुख्य पत्ता सोपा व रोमन ठेवणे सध्या सोयीचे, कारण पुष्कळ फोनवर लोक तसेच टाइप करतात.

डोमेन म्हणजे हा पत्ता. तो वर्षाच्या भाड्याने मिळतो. नूतनीकरण चुकले तर तो दुसरा कोणीही घेऊ शकतो आणि तुमच्या नावावर जुगाराची जाहिरात चालवू शकतो. म्हणून तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा.

• नोंदणीकृत संस्था असेल तर डोमेन संस्थेच्या नावावर घ्या. नसेल तर कोणाच्या नावावर आहे आणि तो ते समाजाच्या वतीने धरून आहे, हे सभेच्या वहीत लिहून सह्या घ्या.
• त्यासाठी वेगळा ईमेल पत्ता काढा. कोणाचाही खासगी पत्ता वापरू नका. पासवर्ड किमान तिघांकडे असावा आणि दुहेरी पडताळणी सुरू असावी.
• नूतनीकरणाची तारीख तिघांच्या फोनमध्ये एक महिना आधीची आठवण म्हणून टाका. शक्य असेल तर दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरा.

बोधचिन्हाबाबत एक इशारा. आपल्यातले बरेच जण प्रेमाने अशोकस्तंभाची सिंहमुद्रा वापरतात. ती भारताची राजमुद्रा आहे आणि २००५ च्या कायद्याने तिच्या वापरावर बंधने आहेत. खासगी वेबसाइटवर ती लावू नका. धम्मचक्र, बोधिवृक्षाचे पान, पंचरंगी ध्वजाचे रंग यांतून सुंदर चिन्ह करता येते. नावही सरकारी कार्यालयाचे वाटेल असे नको.

बांधणी: साधी, हलकी, वाचता येणारी

वर्डप्रेस हे मुक्त सॉफ्टवेअर २००३ पासून उपलब्ध आहे आणि मराठीतही चालते. बातमीपत्रापासून संस्थेच्या संकेतस्थळापर्यंत सगळे त्यावर होते. सुरुवातीला फुकटच्या सेवेवर महिनाभर सराव करा. हात बसला की स्वतःची जागा, म्हणजे होस्टिंग, भाड्याने घ्या. बाहेरच्या माणसाकडून काम करून घेणार असाल तर सर्व किल्ल्या तुमच्याकडे राहतील, हे पैसे देण्यापूर्वी लिहून घ्या.

आपला वाचक स्वस्त फोनवर, कमी रेंजमध्ये वाचतो हे धरून चाला. फोनने काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. तो दोनशे केबीपर्यंत लहान करून टाका. पहिल्या पानावर आपोआप वाजणारे गाणे, सरकती चित्रे, उडणारी फुले नकोत. मारेगावच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या मुलाच्या फोनवर पान पटकन उघडले पाहिजे. प्रत्येक नवी गोष्ट आधी तिथे जाऊन तपासा.

मजकूर मजकूर म्हणूनच टाका. निमंत्रणपत्रिकेचा किंवा पत्रकाचा नुसता फोटो टाकला, तर त्यातील एकही शब्द शोधात सापडत नाही आणि डोळ्यांनी अधू असलेल्याला फोन ते वाचून दाखवू शकत नाही. फोटो हवा तर टाका, पण खाली तारीख, वेळ, ठिकाण अक्षरांत लिहा. टाइप करताना युनिकोडच वापरा. छापखान्यातून श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली जुनी फाइल मिळाली तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर वेबसाइटवर अगम्य अक्षरे उमटतील. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासा. 'मुक्त' आणि 'नोटो' हे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात आणि लहान पडद्यावर स्पष्ट दिसतात.

महिन्यातून एकदा संपूर्ण वेबसाइटची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एक इंटरनेटवर, एक पेनड्राइव्हमध्ये. वर्डप्रेस आणि त्याचे प्लगइन अद्ययावत ठेवा. जुन्या, सोडून दिलेल्या प्लगइनमधूनच घुसखोरी होते.

मंडळ आणि तपासणी

किमान पाच जणांचे संपादक मंडळ करा. त्यात दोन तरी महिला असाव्यात, आणि त्या केवळ यादीपुरत्या नकोत. महिला मंडळाचे काम, बचत गट, मुलींच्या शिक्षणाच्या अडचणी त्यांच्याशिवाय वेबसाइटवर येणारच नाहीत. लिहिणारा एक आणि तपासणारा दुसरा, हा नियम मोडू नका. एकाने लिहिलेले त्यानेच प्रसिद्ध करायचे नाही, मग तो अध्यक्ष असला तरी.

बातमी आली की चार प्रश्न विचारा. सांगणाऱ्याने स्वतः पाहिले का? दुसऱ्या कोणाकडून खात्री झाली का? ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे घेतले का? ही बातमी दिल्याने कोणाच्या जिवाला किंवा अब्रूला धोका आहे का? अत्याचाराच्या घटनेत हे प्रश्न जास्त महत्त्वाचे. घाईने टाकलेले एक चुकीचे नाव आरोपीच्या वकिलाच्या कामी येते. फिर्याद नोंदली असेल तर तिची प्रत वाचूनच लिहा. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागला आहे असे लिहायचे असेल, तर फिर्यादीत तो खरोखर लागला आहे का ते पाहा.

लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा आहे. नाव न देता गाव, शाळा, वडिलांचे नाव दिले तरी ओळख उघडच होते. बालकांबाबतही हाच नियम. मृतदेहाचे फोटो टाकू नका. संताप जागवण्यासाठी एखाद्या कुटुंबाचे दुःख फिरवणे पंचशीलात बसत नाही.

चूक झाली तर गुपचूप पुसू नका. त्याच पानावर तारीख देऊन दुरुस्ती लिहा. तक्रार कोणाकडे करायची त्याचे नाव आणि ईमेल पहिल्या पानावर ठेवा. पंधरा दिवसांत उत्तर देण्याचा नियम स्वतःला घालून घ्या.

कायद्याची तोंडओळख

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्यावरून 'आता इंटरनेटवर काहीही लिहिता येते' असे समजू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजात वैर वाढवणे (कलम १९६), धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे (कलम २९९) आणि बदनामी (कलम ३५६) हे गुन्हे आहेत. विचारावर टीका करा, ग्रंथावर टीका करा, पुराव्याने करा. जातीवर किंवा धर्मातल्या माणसांवर शिवीगाळ नको. आपल्या बाजूने लढणाऱ्या वकिलाला हात बांधून उभे करू नका.

वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची संमती हवी. म्हणून गुणवंतांच्या अभिनंदनात मोबाइल क्रमांक आणि पत्ता देऊ नका. आधार कार्ड, जातीचा दाखला, गुणपत्रिका यांचे फोटो कधीही टाकू नका. वधू-वर सूचक विभाग लोक पहिल्याच दिवशी मागतील. तो पहिल्या वर्षी सुरू करू नका. मुलींचे फोटो आणि क्रमांक उघड्यावर पडले की फसवणूक करणारे ते उचलतात.

आणि वेबसाइट काढली म्हणजे गाडीवर 'प्रेस' लिहिण्याचा परवाना मिळाला असे होत नाही. ओळखपत्रे वाटून सभासद जमवू नका. चळवळीची पत यातच जाते.

वचने, पुस्तके, फोटो, गाणी

बाबासाहेबांच्या नावावर रोज नवी वचने फिरतात. त्यातली अनेक त्यांची नसतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड प्रसिद्ध केले आहेत. खंड आणि पान क्रमांक सापडला तरच वचन टाका. बुद्धवचनांचेही तसेच. धम्मपदात ४२३ गाथा आहेत. गाथेचा क्रमांक देता येत नसेल तर 'धम्मपदात म्हटले आहे' असे लिहू नका. हा एक नियम पाळला तरी तुमची वेबसाइट शेकडो पानांपेक्षा विश्वासार्ह ठरेल.

हक्कांबाबत थोडक्यात सांगायचे तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन २०१७ पासून सर्वांसाठी खुले आहे. 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये निघाले, ते २०१८ पासून. पण मराठी अनुवाद हा अनुवादकाचा असतो. त्याची मुदत वेगळी, ती वेगळी तपासा. भीमगीतांचेही तसेच. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरील हक्क २०६४ च्या अखेरपर्यंत आहेत. शाहिराचे नाव गाळून गाणे टाकणे हा तर त्याहून मोठा अन्याय. वर्तमानपत्रातील बातमी जशीच्या तशी उतरवू नका. घटना कोणाच्या मालकीची नसते, शब्द असतात. स्वतः विचारा आणि स्वतःच्या शब्दांत लिहा.

लोकांपर्यंत पोहोचवणे

प्रचाराआधी किमान पंचवीस चांगली पाने तयार ठेवा. रिकाम्या घरात पाहुणे बोलावू नयेत.

मग विहारापासून सुरुवात करा. रविवारच्या वंदनेनंतर पाच मिनिटे मागून घ्या आणि वेबसाइट उघडून दाखवा. फलकावर क्यूआर कोड लावा आणि खाली पत्ता अक्षरांतही लिहा. महिन्यातून एकदा निवडक माहितीचे एक पान छापून प्रत्येक विहारात चिकटवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, तेही वाचक आहेत. तरुणांनी ते वयस्कांना वाचून दाखवावे. त्यातूनच पुढच्या बातम्या आणि आठवणी मिळतात.

व्हॉट्सॲपवर दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी दुवा पाठवा. नुसता दुवा नको. त्यात काय आहे ते दोन ओळींत सांगा. 'जरूर वाचा, पुढे पाठवा' यापेक्षा 'स्वाधारचा अर्ज भरायला लागणारी कागदपत्रे' हे जास्त लोक उघडतात. वीस ग्रुपमध्ये एकच मजकूर ओतला की लोक क्रमांक बंद करतात.

शीर्षक लोक ज्या शब्दांनी शोधतात त्या शब्दांत द्या. 'एक ऐतिहासिक सोहळा' या शीर्षकाने कोणालाही काही सापडणार नाही. 'मारेगाव येथील धम्मचक्र प्रवर्तन दिन कार्यक्रम' असे लिहिले तर पाच वर्षांनीही सापडेल. गाव, तालुका, जिल्हा, तारीख ही चार माहिती प्रत्येक बातमीत हवी.

वर्षाचे वेळापत्रक आधीच करा. ३ जानेवारी, ३१ जानेवारी, ७ फेब्रुवारीची रमाई जयंती, २० मार्च, १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, आषाढ ते आश्विन पौर्णिमेचा वर्षावास, १४ ऑक्टोबर, ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिन, २६ नोव्हेंबर, ६ डिसेंबर. प्रत्येकाचा मजकूर पंधरा दिवस आधी तयार हवा. दीक्षाभूमीला जाणाऱ्यांसाठी प्रवासाची आणि मुक्कामाची माहिती आठवडाभर आधी दिली तर ती उपयोगी, नंतर दिलेले फोटो केवळ आठवण.

मराठी विकिपीडियावर आपल्या वेबसाइटची जाहिरात करू नका, ती काढून टाकली जाते. त्याऐवजी आपल्या तालुक्यातील गावांच्या पानांवर पुराव्यासह माहितीची भर घाला. पसंतीचे आकडे आणि अनुयायी विकत घेऊ नका. विकत घेतलेला अनुयायी जयंतीच्या सभेला येत नाही.

यश कशावर मोजायचे? पाहणाऱ्यांची संख्या वर-खाली होते. त्यापेक्षा हे मोजा: वेबसाइट पाहून किती जणांनी वेळेत अर्ज भरला, किती विहारांनी स्वतःहून माहिती पाठवली, किती गावांतून एक तरी आठवण नोंदली गेली, आणि किती नवे हात लिहू लागले.

पैसा आणि निवडणूक

डोमेन आणि साधे होस्टिंग मिळून वर्षाचा खर्च काही हजार रुपयांत भागतो. एका जयंतीच्या डीजेच्या भाड्यापेक्षा तो कमीच असतो. पाच-दहा जणांच्या ठरावीक वार्षिक वर्गणीतून तो भागवा, एकाच दात्यावर सोडू नका. जमाखर्च दर सहा महिन्यांनी वेबसाइटवरच टाका. दहा रुपये दिलेल्यालाही तो पाहता आला पाहिजे.

मारेगाव वणी विधानसभा मतदारसंघात आणि चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात येते. निवडणूक आली की सर्व बाजूंचे इच्छुक वेबसाइटकडे वळतील. कोणाची जाहिरात घ्यायची, घ्यायची की नाही, आणि घेतली तर ती बातमीपासून वेगळी कशी दाखवायची, हा ठराव निवडणूक लांब असतानाच करून वहीत लिहा. मंडळातील कोणी उमेदवार झाला किंवा कोणाचा प्रचारप्रमुख झाला, तर तेवढा काळ त्याने मंडळातून बाजूला व्हावे. समाजात गट अनेक आहेत आणि पुढेही राहतील. शिष्यवृत्तीची तारीख मात्र सर्व गटांच्या मुलांसाठी एकच असते. वेबसाइट एका गटाची झाली की बाकीचे ती उघडणे सोडतात.

पहिले सहा महिने

पहिल्या महिन्यात पाच जणांची बैठक, उद्देश एका वाक्यात, नियम एका पानात, डोमेनची नोंदणी आणि वहीत सह्या. दुसऱ्या महिन्यात फुकटच्या सेवेवर सराव आणि विहारांच्या यादीसाठी गावांत फिरणे. तिसऱ्या महिन्यात शिष्यवृत्ती आणि दाखल्यांची पाने, प्रत्येक पान दुसऱ्याकडून तपासून. चौथ्या महिन्यात निदान पाच वयस्क उपासक-उपासिकांच्या मुलाखती. पाचव्या महिन्यात पंचवीस पाने पूर्ण करून एखाद्या विहारात साधेपणाने लोकार्पण. सहाव्या महिन्यात पहिला जमाखर्च, पहिली प्रत पेनड्राइव्हमध्ये, आणि दोन नव्या मुला-मुलींना काम शिकवणे.

हे शेवटचे काम कधीही थांबवू नका. दरवर्षी दोन नवे हात तयार झाले पाहिजेत आणि एका जुन्या माणसाने आनंदाने बाजूला झाले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात आहेत. एवढ्या लोकांचा गावागावातला इतिहास बाहेरचे कोणी येऊन लिहिणार नाही. तो आपण लिहिला आणि सांभाळला तरच पुढच्या पिढीला सापडेल. या आठवड्यात पाच जणांना विहारात बोलवा, एक वही घ्या आणि पहिल्या पानावर वेबसाइटचा उद्देश लिहा.

जय भीम. नमो बुद्धाय.